काट्याच्या कॉम्प्युटरची राखण

आमच्या राइस मिलमध्ये सगळ्यात जास्त लाड होतात ते काट्याच्या कॉम्प्युटरचे. ट्रक वजनकाट्यावर चढला की वजन त्याच्यात येते, तो चिठ्ठी काढतो आणि चिठ्ठीशिवाय गेट उघडत नाही. तो इतका जुना आहे की एकदा बंद केला तर परत सुरू होईलच असे नाही. म्हणून तो कधी बंदच करत नाहीत. नवा का घेत नाहीत? तर नव्याला आमचा काटा समजत नाही, आणि ज्या माणसाने या दोघांचे जमवून दिले होते तो कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही.

त्या खोलीत कूलर आहे. अर्थात कॉम्प्युटरसाठी. मी धूळ पुसते, कूलरमध्ये पाणी भरते आणि लाइट गेली की बॅटरी संपायच्या आत जनरेटरवाल्याला कळवते. परक्या माणसाला हाक मारणे मला जमत नाही, म्हणून धावत जाऊन त्याच्यासमोर उभी राहते. आधी मी घरी बिड्या वळायची. मान आखडायची, तंबाखूने खोकला यायचा. त्यामुळे कॉम्प्युटर जुनाच राहो, एवढेच मी देवाला मागते. सेठ नेमके उलटे मागत असतील.

मागच्या दसऱ्याला मुनीमजींच्या अंगात भक्ती आली. त्या दिवशी मिलच्या सगळ्या मशिनी थांबवून पूजा होते. त्यांचे म्हणणे, कॉम्प्युटर पण मशीनच, आणि चालत्या मशीनची पूजा देवाला पोचत नाही. त्यांनी स्वतः बटन दाबून तो बंद केला, झेंडूचा हार घातला, कुंकू लावले आणि त्याच्याच टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. पाणी जिथे जायला नको तिथेच गेले. मी पुसायला पुढे झाले, तर म्हणाले, प्रसाद आहे, पुसू नको.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उठला नाही. तांदळाने भरलेले ट्रक आत अडकले. चिठ्ठीशिवाय गेट उघडायचे नाही हा सेठचाच हुकूम, म्हणून चौकीदार सेठचेही ऐकेना. ड्रायव्हर लोकांनी गेटाजवळ चूल मांडली. मेकॅनिकने कॉम्प्युटरचा डबा खोलला तेव्हा सेठ बाजूलाच उभे होते. मुनीमजींनी माझ्याकडे बोट दाखवले. ही बाई रोज ओला फडका मारते, पाणी तिच्याच हातून गेले असेल, म्हणाले.

सेठ म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नको."

माझ्यासमोर बिडीपत्त्याचे सूप उभे राहिले. सेठशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. मेकॅनिकच्या हातात डब्यातून निघालेला एक पांढरा तुकडा होता. पदर तोंडावर धरूनच मी बोलले, "सेठजी, फडक्यातून खोबरं कसं निघन जी?"

मेकॅनिक हसला. सेठ हसले नाहीत. मुनीमजी बाहेर ट्रक बघायला गेले, जणू ट्रक पळून चालले होते.

संध्याकाळी कबाड्याकडच्या एका मेलेल्या कॉम्प्युटरचे काळीज याला बसवले, तेव्हा चिठ्ठी निघाली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. सेठ जाता जाता एवढेच म्हणाले, "उद्या लवकर ये."

यंदाच्या दसऱ्याला माझे एक काम वाढले. नारळ घेऊन कोणालाही आत सोडायचे नाही. मुनीमजी ताट घेऊन आलेच. मी दारात झाडू आडवा धरला. ते उंबऱ्यावरच कुंकू वाहून परत गेले. आत कॉम्प्युटर कूलरसमोर घरघरत होता. मी त्याला मनातल्या मनात म्हटले, अजून थोडी वर्षं काढ रे बाबा.