रस्ता ओलांडणारा पाइप

माळा आवरताना तो लांबलचक हिरवा पाइप हाती लागला आणि रबराच्या वासासरशी पनवेलच्या याच घरातली ती ईदची सकाळ आठवली. रस्त्याच्या आमच्या बाजूला नगरपालिकेचं पाणी यायचं, पलीकडे कॉलनीच्या वेगळ्या योजनेचं. दोन्हीकडे पाणी बंद असण्याचे वार निराळे. त्या दिवशी समोरच्या घरातल्या खालाचे, म्हणजे आमच्या शेजारच्या मावशीचे, नळ कोरडे होते, म्हणून आम्ही रस्त्यावरून पाइप टाकला. तो चाकाखाली दबू नये म्हणून सासरे मधोमध उभे राहून रिक्षावाल्यांवर ओरडत होते, “थांब रे, ईदचं पाणी जातंय!” दुपारी खाला पातेलं घेऊन आली. “घे गं, तुमच्याच पाण्यात शिजलीय बिर्याणी.” पुढे दोन्ही योजना एक झाल्या. आता पाणी जातं ते दोन्हीकडचं एकाच दिवशी. आजही खालाने खिडकीतून रिकामी बादली दाखवली, मीही माझी दाखवली, आणि पाइप पुन्हा माळ्यावर टाकला.