दंडावरचा गंडा

गोदीचा मुलगा माझ्या गुडघ्यांना कोमट एरंडेल चोळू लागला, की त्या वासानं मला त्याच्या जन्माची दुपार आठवते.

निजामाचं राज्य होतं. अंबडजवळच्या आमच्या घरात धाकटी जाऊ गोदी कळा देत होती. बाई लवकर मोकळी व्हावी म्हणून सासूबाईंनी पेट्यांची कुलपं उघडली, सगळ्यांना वेण्या, गाठी सोडायला लावल्या. मी मात्र चोळीच्या बाहीखालचा गंडा सोडला नाही. मूल व्हावं म्हणून तो मी दर्ग्यातून बांधून आणला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिच्या बाळासाठी मी माझी गाठ का सोडू?

"थोरले, जल्दी कंबर चोळ," सुईण म्हणाली. मी कोमट तेलानं चोळू लागले. गोदीनं माझा तोच दंड घट्ट धरला.

"अक्का, तुझ्या हातानं बरं वाटून राह्यलं."

दिवस कलेपर्यंत ती तळमळली. गाठ तिच्या मुठीखालीच होती.

"अक्काचे हात होते म्हणून मी वाचले," असं गोदी मरेपर्यंत सांगायची. तिला कसं सांगणार, की तिच्या प्रत्येक कळेला मी मनात म्हणत होते, ही माझी असायला हवी होती.