अडीच नंबरची सुई

आमच्या थोरल्या जाऊबाई गेल्या त्याला तीन आठवडे झाले. कामाच्या ग्रुपवर सगळ्या बायकांनी लिहिलं, फार गोड होत्या, फार प्रेमळ होत्या. वाचून मला राग आला. जाऊबाई गोड नव्हत्या. तुम्ही सगळ्या त्यांना टरकून होतात आणि मीपण. मला लिहायची सवय नाही, शाळा सातवीपर्यंत. तोंडाने बोलते तसंच मोबाईलवर टाइप करतेय, चुकलं तर चुकलं. पण त्या कशा होत्या ते मला सांगायचंय, आणि शेवटी एक गोष्ट सांगायचीये ती दोन वर्षं माझ्या पोटात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाऊबाई क्रोशाच्या बाहुल्या भरायच्या आणि जोडायच्या. सायकलच्या दुकानावर जी खोली आहे, बाहुल्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या मॅडमची, तिथे अकरा जणींचं काम येतं. कुणी घरून हात विणून आणतं, कुणी पाय, कुणी अंग. मी डोकी करते. सगळं पिशवीतून येतं, रिकामं, मोज्यासारखं लोळागोळा. मग जाऊबाई त्यात कापूस भरायच्या. कापूस आपण म्हणतो, असतो तो पॉलिस्टरचा. भरून दाभणाने जोडायच्या. सुटे हातपाय सगळे त्यांच्यापुढे येऊन पडायचे म्हणून बायका त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायच्या. टेलरची बायको एकदा म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझ्या गुडघ्याचं पण बघा ना."

जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, "आधी वजन कमी कर. तुझ्यात मी भरलं नसतं एवढं."

असं तोंड. पण हात बघावा त्यांचा. उजव्या हाताचं पहिलं बोट वाकायचं नाही. माझे मोठे दीर लवकर गेले, पदरात सहा वर्षांची पोर, तेव्हा त्या डब्यांच्या कारखान्यात जायच्या, तिथे प्रेसखाली बोट गेलं. त्याच्याआधी त्या स्वतः विणायच्या, आणि आपल्या अकरा जणींत एकीलाही जमत नाही असं विणायच्या. बोट गेल्यावर सुई धरता येईना, मग भरायचं काम घेतलं. ते ताठ बोटच त्यांनी कामाला लावलं. मानेत कापूस दाबायला भरणाऱ्या इतर बायका पेन्सिल घेतात, त्या बोट घालायच्या.

मानेचं त्यांचं वेड होतं. कापूस चिमूट चिमूट पिंजून घालायचा, गोळा कोंबायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. आणि मान सगळ्यात घट्ट. "मान हलली की बाहुली पिऊन आल्यासारखी दिसते," म्हणायच्या. "एक घरात होता तेवढा पुरे." हे माझ्या सासऱ्यांबद्दल.

रिकामं डोकं नुसतं बोटात दाबून त्या सांगायच्या कुणाचं. "ही टेलरीण. नवऱ्याचा गळा समजून आवळते." "ही बोलत बोलत विणलेली, सहाव्या ओळीत टाका खाल्लाय." आणि खाल्लेला असायचाच.

मला विणायला त्यांनीच शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घर म्हणजे दोन खोल्या, मध्ये प्लायवूड. एका बाजूला त्या आणि पोर, एका बाजूला आम्ही दोघं. त्यांच्याकडे माणसांपेक्षा कापसाच्या पोत्यांना जागा जास्त. मला समोर बसवून शिकवलं, साखळी, मुका खांब, गोल कसा वाढवायचा. चुकलं की एकच शब्द, "उसव." मी रडत रडत उसवायचे. आणि शिकून झाल्यावर त्यांनी स्वतःची सुई मला दिली. अडीच नंबरची, स्टीलची, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. म्हणाल्या, "धाकटे, ही सोडायची नाही. सुई बदलली की टाका बदलतो." ती सुई अठरा वर्षं माझ्या हातात होती. पट्टीवर माझ्या अंगठ्याचा खड्डा पडला होता, त्याच्याखाली त्यांचा.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते.

तीनशे बाहुल्यांची मोठी ऑर्डर आली होती, तुम्हाला आठवत असेल. त्यातली नव्वद डोकी माझी. पहिली बारा घेऊन गेले तर जाऊबाईंनी सगळ्या बायकांसमोर पिशवी ओतली, एकेक दाबलं आणि बाराच्या बारा माझ्या मांडीवर टाकली. "उसव. झोपेत विणलीस का?"

मी म्हटलं, "जाऊबाई, घरी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"घरी मी तुझी जाऊ. इथे नाही."

टेलरीण हसली. अजून कानात आहे माझ्या ते हसणं. तेव्हा आमच्या ह्यांचं काम सुटलं होतं, चार महिने घरी बसलेले, सगळं माझ्या सुईवर चाललेलं. मी तणतणत घरी आले. आल्या आल्या रंगाचा डबा उघडायचा होता, झाकण बसलेलं, रागाच्या भरात हातातली सुईच त्यात घातली आणि जोर लावला. टोक मोडलं.

जाऊबाईंना सांगायचं म्हणजे परत ऐकून घ्यायचं. त्या दिवशी मला ते नको होतं. कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानात गेले, अडीच नंबर संपलेली, तीन नंबर होती. म्हटलं अर्ध्या नंबराने काय होतंय.

काय होतं ते विणणाऱ्या बायकांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. टाका सैल पडतो. रिकामं डोकं हातात घेतलं तर काही कळत नाही, उलट मऊ लागतं, बरं वाटतं. आणि काम झरझर होतं, दिवसाला सहा व्हायची तिथे आठ होत होती. मी खूश. पण सैल विणीत कापूस भरला की टाके फाकतात आणि आतलं पांढरं तोंडावर दिसतं. गोरी-सावळी कसलीही बाहुली असो, तोंडावर देवीचे फोड आल्यासारखी दिसते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिकडे बघितलंच नाही. आणि डोळे तर मी घरीच बसवून टाकले. ते डोळे मागून चकती दाबून बसवतात, एकदा बसले की निघत नाहीत, डोकं कापावं लागतं. म्हणजे उसवायचा रस्ता मी स्वतःच बंद केला.

नव्वद डोकी दिली. ऑर्डर जायला दोन दिवस होते.

त्या संध्याकाळी जाऊबाई कधी नाही ते आमच्या बाजूला आल्या. दारातच उभ्या. "तुझी सुई कुठाय?"

"आहे की डब्यात."

"दाखव."

मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले. म्हटलं, "का? तुमच्या बापाची आहे का?"

त्यांचीच होती ती. त्यांच्या बापानेच त्यांना घेऊन दिलेली, हे त्यांनी मला शिकवतानाच सांगितलं होतं. त्या निघून गेल्या. त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायचं असलं तर प्लायवूडशी बोलायच्या. "कुणीतरी नळ बंद करा." "कुणाचं तरी दूध उतू चाललंय."

ऑर्डर गेली आणि महिन्याने त्यातली दोन खोकी परत आली. मॅडमने सगळ्यांना बोलावलं. टेबलावर बाहुल्या, डोकी पिचकलेली, मान एका बाजूला. मॅडमने एक उचलून जाऊबाईंपुढे दाबली, बोट आत गेलं. "काकू, हे काय? हे तर पोकळ आहे."

मी बघितलं आणि मला कळलं. सगळी माझीच डोकी होती. जोडून झाल्यावर कुणाचं डोकं कुठलं ते कुणाला कळत नाही, जाऊबाईंना सोडून, आणि ज्याचं त्याला सोडून. पांढरं कुठेच दिसत नव्हतं. दिसणार कसं, त्यांनी भरलंच नव्हतं. टाके फाकू नयेत म्हणून कमी कापूस घातला होता. जिने आयुष्यभर एक मान हलकी जाऊ दिली नाही, तिने नव्वद माना हलक्या ठेवल्या. विणीचा दोष दिसला असता तर मी त्याच दिवशी घरी बसले असते. आणि घरी एक जण आधीच बसलेला होता, हे त्यांना प्लायवूडमधून रोज ऐकू येत होतं.

"काकू, मी विचारतेय."

जाऊबाई म्हणाल्या, "माझा हात हलका पडला."

"एवढ्या सगळ्यात?"

"हो. वय झालं."

मी तिथेच होते, मॅडमपासून चार हातांवर. टेलरीण माझ्याकडे बघत होती, तिला काय वाटलं कुणास ठाऊक. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

त्यांचं काम गेलं. आता भरायला दुसरी मुलगी आहे, ती पेन्सिलीने भरते. जाऊबाई खिडकीशी त्याच बुटक्या स्टुलावर बसायच्या, पाय लांब करून, मांडी रिकामी. मी पलीकडे विणायचे आणि त्यांना सुईचा आवाज ऐकू जात असणार. पहिलं वर्ष मी रोज ठरवायचे की आज मॅडमला सांगते. मग ह्यांना काम लागलं, तरी सांगितलं नाही. तेव्हा भीतीचं कारणपण उरलं नव्हतं, नुसती सवय झाली होती.

मग त्यांना ताप आला, छाती भरली, दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी लांब दिलेली, ती यायला दोन दिवस लागणार, म्हणून मीच होते. पहिल्या दिवशी त्यांनी डोक्याखालची उशी चाचपली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, "कोण भरतं गं ह्या? सगळ्या गुठळ्या." मी हसले. मला वाटलं झालं, सुटलं. मूर्ख मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हटलं, "जाऊबाई, ती सुई मोडली होती माझ्याकडून."

"तीन नंबर घेतलीस. पहिल्याच डोक्याला कळलं मला."

"मला माफ करा."

त्यांनी डोळे उघडले. "मॅडमला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? मला माहीतच होतं."

आणि तोंड भिंतीकडे केलं. मी त्याच पावली मॅडमकडे गेले, खरंच गेले, जिन्याला कुलूप होतं. सायकलवाला म्हणाला परवा येतील. परवा मॅडम आल्या पण त्या आमच्या घरी आल्या, कारण तोवर जाऊबाई गेल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "हात फार चांगला होता काकूंचा. शेवटी शेवटी गेला, चालायचंच." मी तोंड उघडलं. खोलीत माणसं होती. मी म्हटलं, "चहा घेता का?"

ह्याच्यापुढचं लिहायला लाज वाटते. पुतणी आली, रडून झालं, आणि निघायच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, आईला शेवटी विसरायला व्हायला लागलं होतं का? मॅडम म्हणत होत्या कामात चुका करायची. मी फोनवर विचारलं की आई नुसतं हो म्हणायची. तुला खरं काय ते माहीत असेल."

आणि मी म्हटलं, "हो गं पोरी. वय झालं होतं."

ती गेली. जाताना आईचं सामान लावून गेली, कपडे दिले, पोती दिली. एक बाहुली तेवढी राहिली, परत आलेल्यातली, जाऊबाईंनी फळीवर ठेवलेली. पुतणी म्हणाली, ही नको, बिघडलेली आहे.

काल दुपारी मी ती घेतली. मानेचा टाका कापला. त्यांनी भरायच्या तसं भरलं, चिमूट चिमूट, पिंजून, मान आधी, घट्ट. मला त्यांच्यासारखं येत नाही, पण मान उभी राहिली. आणि तोंडभर पांढरं आलं, कपाळावर, गालावर, डोळ्यांभोवती, प्रत्येक टाक्यातून. ते टाके माझे आहेत. बाजूला मी जुनं डोकं ठेवलंय, त्यांच्या अडीच नंबरच्या सुईने मीच विणलेलं, त्यांनी भरलेलं. दगडासारखं घट्ट आहे आणि कुठे पांढरं नाही.

दोन्ही उद्या सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे. दाबून बघा, ज्यांना बघायचं त्यांनी या. टेलरीणबाई, तुम्ही पण या, पोट धरून हसा. मॅडम काढतील तर काढतील.

पोरी, तू ग्रुपवर नाहीस, तुला वेगळं पाठवतेय. मी तुला खोटं सांगितलं. तुझ्या आईचा हात शेवटपर्यंत होता तस्साच होता. ती माझ्याशी बोलत नव्हती आणि बरोबर करत होती. उद्या तुला दोन्ही डोक्यांचा फोटो पाठवते, खिडकीत ठेवून, उजेडात.