मावशींनी अडवलेली शर्यत

आमच्या क्रीडा वसतिगृहाच्या मावशींना खेळातलं ओ की ठो कळत नसे. रिले म्हणजे काय, हे मी त्यांना तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, "मग ती काठी एकीनंच नेली तर काय बिघडतं?" पण अठ्ठावीस मुलींपैकी कोण ताटात किती टाकते, कोण रडून आलीये, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सॅनिटरी पॅडची पाकिटं त्यांच्याच कपाटात असत. मागायला गेलं की आधी चार बोल मिळत, मग पाकीट.

मी सोळा वर्षांची, आठशे मीटर धावणारी. सात महिने त्या कपाटाकडे फिरकलेच नव्हते. कटकट गेली म्हणून मी खूशच होते. दोन किलो उतरव, वेळ सुधारेल, असं आमचे प्रशिक्षक सर म्हणाले होते. मी पाच उतरवले. वेळ खरंच सुधारली. डाव्या नडगीत एकाच जागी ठणकायचं, तिथे पट्टी बांधून मी गप्प राहिले. रविवारी राज्य संघाची निवड होती.

गुरुवारी मावशींनी मला धुण्याच्या खोलीत गाठलं.

"पाळी कधी आली होती गं शेवटची?"

मी सांगितलं. धावणाऱ्या मुलींचं असं होतंच, सरही म्हणतात, हेही ठणकावून सांगितलं. मावशी उलट्या बादलीवर मटकन बसल्या. तीन वर्षांपूर्वी उंच उडीवाल्या एका मुलीचं असंच झालेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा मावशींना सरांपुढे तोंड उघडायचा धीर झाला नाही, आणि भर स्पर्धेत तिचं हाड मोडलं.

"मावशी, पाया पडते. रविवारपर्यंत गप्प बसा."

"एकदा बसले तेवढं पुरे," म्हणत त्या थेट सरांकडे गेल्या. सरांनी उडवून लावलं, तर या बाईनं माझ्या आईलाच फोन करून बोलावून घेतलं. शुक्रवारी एमआरआय झाला. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धावणं एवढं आणि खाणं चिमणीएवढं, म्हणून शरीरानं पाळी थांबवली; जी संप्रेरकं पाळी आणतात तीच हाडंही मजबूत ठेवतात, आणि या वयात राहिलेली कसर पुढे पुरती भरून निघत नाही. खाणं वाढवायचं, धावणं काही महिने बंद. सर दाराशी उभं राहून ऐकत होते.

रविवारी मी कुबड्या घेऊन मैदानाच्या पायरीवर बसले. जिला मी दोनदा हरवलं होतं ती मुलगी पहिली आली. मावशी शेजारी येऊन बसल्या.

"तुमच्यामुळे झालं हे," मी रडत ओरडले. "वाटोळं केलंत माझं."

"हो, माझ्यामुळेच," मावशी म्हणाल्या. "जन्मभर माझ्या नावानं खडे फोड. पण दोन्ही पायांवर उभी राहून फोड."

मी त्यांच्याशी बोलले नाही. उठूनही गेले नाही.