सीटवरचा ऑइलचा डबा

इंजिनातलं जुनं ऑइल काढलं, की वस्ताद नव्या ऑइलचा डबा थेट ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतात. सीट खराब होईल म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात. वस्ताद खाली वर्तमानपत्र अंथरतात, पण डबा काही हलवत नाहीत.

ही सवय त्यांना साठीत लागली. त्याआधी गरजच नव्हती, कारण आपल्या हातून चूक होत नाही याची त्यांना पक्की खात्री होती. नुसता आवाज ऐकून ते इंजिनाचं दुखणं सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत.

त्या दिवशी समोर सिस्टरबाईंची पन्नास वर्षांची गाडी होती. नोकरीभर त्या याच गाडीतून बाळंतपणं करत हिंडल्या होत्या. वस्तादांनी जुनं ऑइल काढून बोल्ट आवळला, तेवढ्यात शेजारचा टायरवाला डोकावला. हे इंजिन किती गोड चालतं ते त्याला ऐकवायचा मोह वस्तादांना आवरला नाही. त्यांनी गाडी सुरू केली आणि कौतुक सांगत बसले. इंजिन खडखडलं आणि जाम झालं. नवं ऑइल डब्यातच होतं.

टायरवाला म्हणाला, जुनी गाडी आहे, वयानं गेली म्हणून सांगा, कुणाला कळतंय. खरंच कळलं नसतं. खरं सांगितलं तर मात्र चाळीस वर्षांच्या नावावर पाणी पडणार होतं. वस्तादांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरबाई आल्या, तेव्हा त्यांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला.

"माझ्या हातूनही एकदा चूक झाली होती, वस्ताद. मी कुणाला सांगितली नाही. आणि आमच्या कामात उघडून परत जोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं ना? मग जोडा."

दोन महिने लागले. बेअरिंगं बाजारात मिळेनात, म्हणून लेथवाल्याकडून करून घेतली आणि मनासारखी होईपर्यंत दोनदा परत पाठवली. एवढ्या दिवसांत वस्तादांनी कुणापुढे फुशारकी मारली नाही.

गाडी न्यायला बाई आल्या, तर सीटवर डबा. ऑइल ओतल्याशिवाय कुणाला बसताच येऊ नये म्हणून, असं वस्ताद ओशाळून म्हणाले.

"आमच्याकडे असा डबा हवा होता," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, स्वतः ओतला, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.