दुकानाची धूळ, गावाचं गायरान

तमिळनाडूतल्या सेलमचं दुकान सोडलं त्या सकाळी दादांनी माझ्या हातात झाडू दिला. बॅग खांद्यावर, खाली रिक्षा उभी, आणि माझा बाप म्हणतो, "झाडून जा. धूळ पेटीत टाक." गलाईच्या दुकानातली धूळ कुणी फेकत नाही. सोनं गाळताना कण उडतात, आणि साठवलेली धूळ पुन्हा भट्टीत घातली की ते परत मिळतात. मी झाडलं. दादा पाठ करून मुशीत बघत होते. "गुरं राखाय चाललायस रं. गलाईवाल्याचा पोरगा!" एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विट्यापलीकडच्या आमच्या गावातून घरटी एक माणूस गलाईला बाहेर आहे. तिकडे राहिलेल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहितोय. मीही तेजाबाच्या वाफेत खोकलो, गिऱ्हाइकाला तमिळमध्ये 'वांगो अण्णा', या दादा, म्हणून खुर्ची दिली, बुलेट घेतली. पण शहर परकं, बाजार त्याहून परका, आणि दिवसभर दुसऱ्याचंच सोनं उजळायचं. म्हणून माळावर खिलार गाया घेऊन आलो. हौसेनं नाही, धंदा म्हणून. जातिवंत खोंड तयार करायचे आणि ताठ मानेनं विकायचे.

पहिली चूक गलाईवाल्याचीच झाली. गोठा दुकानासारखा लख्ख झाडायचो, पाचोळा-माती पार काढून खालची फरशी उघडी पाडायचो. एक गाभण गाय घसरून बसली. चुलती दारातून ओरडली, "आवं शेटजी, तितं काय सोनं सांडलंय व्हय? गायीच्या पायाखाली काय तरी ऱ्हाऊ द्या की!" गाय उठली, वासरूही धड झालं. त्या वासराचा आता असा खोंड झालाय की बघायला पलूसकडून माणसं येतात.

मग गेल्या जत्रेला बाहेरगावचे देणगीदार आले आणि गायरानावर लग्नाचा हॉल बांधायचा बेत निघाला. गाड्या लावायला फरशीसुद्धा. माझ्याच काय, सगळ्या गावाच्या गाया तिथं चरतात. गायरान गेलं असतं तर मला जनावरं विकून परत भट्टीपुढं बसावं लागलं असतं. मी पत्रकं छापून घरोघर वाटली. वर्षातून एकदा यायचं, आपल्या नावाची कमान उभी करायची आणि गाव आपलं म्हणायचं, याची मला चीड आहे. लिहिलं तसंच. देणगीदारांत पहिलं नाव माझ्या बापाचं होतं.

ग्रामसभेत उभा राहिलो. "दुकानातली धूळ आपण फेकत न्हाई. आणि हितं गुरं जगवणारं रान फेकाय निघालोय?"

"बापाम्होरं बोलतोस व्हय रं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"बापानंच शिकवलंय!"

देणगीदारांत बसलेले दादा उठले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "रस्त्याकडंची माझी जागा घ्या. हॉल तितं बांधा. गायरानाला हात लावू नका."

त्या जागेवर त्यांना म्हातारपणासाठी बंगला बांधायचा होता. नकाशासुद्धा काढून आणला होता.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आता म्हातारपणी मी ऱ्हायचं कुटं?"

"गोठ्याला लागून दोन खोल्या काढू."

"वास येतोय."

"तेजाबापेक्षा बरा, दादा."

खोल्या झाल्या. दुकान चुलतभावाकडं सोपवून दादा आले. दुसऱ्याच दिवशी उठून बघतो तर हातात झाडू, अंगण लख्ख. गोठ्यातला पाचोळा मात्र जिथल्या तिथं, चुलतीनं आधीच दम दिला होता. घमेल्यातल्या धुळीत त्यांनी सवयीनं बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि हसले. "ह्यात काय बी न्हाई, गड्या." तरी फेकली नाही. शेणखताच्या खड्ड्यात नेऊन ओतली.

तिकडच्यांनो, सगळे परत या असं मी म्हणत नाही. पण याल तेव्हा कमान घेऊन येऊ नका. झाडू घेऊन या.