आधी हात धू

"आई, बाहेरून आलीस ना? आधी हात धू, मग त्याला घे," लेक म्हणाली. ती तान्ही होती तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत असे. आता ऑस्ट्रेलियातल्या तिच्या स्वयंपाकघरात ती मला सांगत होती, आणि तेही कांगारूच्या पिल्लासाठी. त्याची आई रस्त्यात गाडीखाली गेली. अशी पोरकी पिल्लं लेक घरी सांभाळते. खुर्चीच्या पाठीला टांगलेल्या कापडी पिशवीतून त्याचे दोन कान तेवढे दिसत होते.

मी हात पुसत होते तेव्हा ती म्हणाली, "जन्मतं तेव्हा हे शेंगदाण्याएवढं असतं. रोगाशी लढायची ताकद अंगात जवळजवळ नसतेच. आपलं काय आणि परकं काय, हे त्याच्या रक्ताला कळत नाही. ते सगळं ते आईच्या पिशवीत राहून शिकतं."

"आणि तोवर?"

"तोवर आईचं दूध. शिवाय पिल्लू यायच्या आधी ती आपली पिशवी आतून चाटून स्वच्छ करते."

 डोळेही न उघडलेला जीव एवढ्या मोठ्या जगात येतो, आणि त्याच्यासाठी कुणीतरी जिभेनं घर सारवून ठेवलेलं असतं.

मी पिशवी मांडीवर घेतली. पिल्लानं मान बाहेर काढून माझा हात हुंगला. परकं ओळखायला ते एव्हाना शिकलंच असणार. ते क्षणभर थांबलं, आणि माझा नुकताच धुतलेला हात सावकाश चाटू लागलं.